पेटी, कीबोर्ड, पियानो : मुलांना क्लास लावण्याआधी



जून महिना आला, शाळा सुरू झाल्या, की गटाच्या बैठकीत हिशोब आटोपल्यावर कोणीतरी विचारतंच, "ताई, मुलगी पियानोच्या क्लासला जायचं म्हणते, घालू का?" मी राहते ठाण्यात, टेंभी नाक्याला. काम मात्र शहापूर, मुरबाड, कल्याणच्या बाजूच्या गटांबरोबर. त्यामुळे दोन्हीकडचं दिसतं. आमच्या भागात जुन्या इमारतींच्या जिन्यावर क्लासच्या पाट्या आहेत, आणि आता तालुक्याच्या गावीही तशाच पाट्या लागल्या आहेत. पाटीवर पियानो लिहिलेलं असतं. आत गेलं की बहुतेक ठिकाणी टेबलावर ठेवलेला कीबोर्ड असतो. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, लोक सवयीनं तसं बोलतात. पण आईबापांना तिन्हींतला फरक माहीत नसेल तर पैसे भलतीकडे जातात, म्हणून आज तेच बोलू या.

खरा पियानो म्हणजे लाकडाचं मोठं धूड. त्याच्या आत दोनशेच्या वर तारा असतात. पट्टी दाबली की आतली नमद्यानं मढवलेली हातोडी तारेवर बसते आणि सूर निघतो. पट्ट्या 88, त्यांत 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिरानं 1700 च्या सुमारास तो बनवला. हळू दाबलं तर हळू आणि जोरात दाबलं तर मोठा आवाज, ही त्याची करामत. त्याची किंमत लाखांत जाते, तारा वरचेवर जुळवून घ्याव्या लागतात, आणि आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत तारांना गंज आणि लाकडाला फुगवटा येतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी तो यायचा नाही, आणि नाही आला तरी मुलांचं काही अडत नाही.

कीबोर्ड विजेवर चालतो, कित्येक सेलवरही चालतात. त्याच्या पट्ट्या हलक्या. शिकायला घ्यायचा तर 61 पट्ट्यांचा घ्या आणि पट्टी मोठ्या माणसाच्या बोटाच्या मापाची आहे ना ते बघा. खेळण्याच्या दुकानात मिळतात त्या बारीक पट्ट्यांच्या कीबोर्डवर मुलांची बोटं चुकीच्या अंतराला सवकतात. दुकानात एक पट्टी आधी हळूच आणि मग जोरात दाबून बघा. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला तर तो शिकण्याच्या कामाचा कमी. आणि त्यात एक बटण असतं, ते दाबलं की एका बोटानं सगळा बँड वाजायला लागतो, ढोल, गिटार, सगळं. गॅदरिंगला आईबाप खूश होतात. वाजवलेलं असतं यंत्रानं. क्लासमध्ये पहिलं वर्षभर ते बटण बंद ठेवणारे सर भेटले तर समजा बरे आहेत.

तिसरी आपली पेटी, म्हणजे हार्मोनियम. हीसुद्धा मूळची परदेशातूनच आली. युरोपात ती पायानं हवा भरून वाजवत. आपल्याकडे जमिनीवर बसून वाजवायची म्हणून हातानं भाता हलवायची पेटी झाली. आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, भात्याची हवा त्यांवरून गेली की सूर निघतो. ना वीज, ना सेल. ज्या गावांत संध्याकाळी सातला हमखास लाइट जाते तिथल्या बायकांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. पेटीला एक अडचण आहे. डावा हात भात्यावर अडकतो, वाजवायला उजवाच उरतो. आणि लहान मुलाला भाता ओढायला ताकद लागते, हात पुरावा लागतो. म्हणून सहा वर्षांच्या मुलाला कीबोर्डवर बसवता येतं, पेटीला सात-आठ वर्षांचं होऊ द्यावं असं मला वाटतं. मोठ्या वयात सुरू केलं तर जमत नाही ही मात्र खोटी गोष्ट आहे. आमच्या एका गटातल्या सचिव ताई बेचाळीसाव्या वर्षी भजनासाठी पेटी शिकल्या.

आता तुम्ही म्हणाल, मग घ्यायचं काय? हे ठरतं मुलगी शिकून कुठे वाजवणार यावर. शाळेची प्रार्थना, भजन, हरिपाठ, गणपतीच्या आरत्या, पुढे नाट्यगीत आणि शास्त्रीय गाणं, या रस्त्याला पेटी. सिनेमाची गाणी, वाद्यवृंद, दोन्ही हातांनी वाजवणं, पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत वाचणं, या रस्त्याला कीबोर्ड, आणि पुढे खरंच ओढ दिसली तर पियानो. पट्ट्यांची मांडणी तिन्हींवर एकच आहे. पेटीवरची काळी एक कीबोर्डवरही काळी एकच. म्हणून एकावर बोटं बसली की दुसऱ्यावर जाणं सोपं जातं. पहिलाच निर्णय जन्माचा नसतो.

पाश्चात्त्य संगीत म्हणजे श्रीमंतांचं, असा आपला समज आहे. गोव्यात पोर्तुगीज राज्यात चर्चच्या शाळांतून गावातल्या साध्या घरच्या मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत असत. तिथून तयार झालेले पुष्कळ वादक पुढे मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले.

तसाच पेटीबद्दलही एक समज आहे. काही गाण्याचे गुरुजी सांगतात, पेटीवर शिकलं की गळा बिघडतो. त्यामागे कारण आहे. पेटीचे सूर ठरलेले असतात. गाताना आपण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. ती पेटीत निघत नाही, आणि दोन सुरांमधल्या बारीक जागाही निघत नाहीत. या कारणावरून आकाशवाणीनं 1940 साली पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत उठली नव्हती. तीस वर्षं! तेवढ्या काळात आपल्या देवळांतली आणि नाटकांतली पेटी काही थांबली नाही. त्याच्या आधीच गोविंदराव टेंबे यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला होता. 1911 सालच्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या, आणि 1932 च्या 'अयोध्येचा राजा' या मराठी बोलपटाचं संगीतही त्यांचंच. गोव्यातल्या बोरीचे पंडित तुळशीदास बोरकर यांना 2016 साली पद्मश्री मिळाली, त्यांना पेटीचे पहिले धडे त्यांच्या आईनं दिले होते. गुरुजींचं म्हणणं गाणं शिकणाऱ्यासाठी ऐकावं, तिनं तंबोऱ्यावर गावं. पेटी शिकणाऱ्या मुलीनं त्याची काळजी करू नये.

पैशाचं बोलू. एका गटात गेल्या वर्षी एक ताई 9000 रुपयांचं अंतर्गत कर्ज मागायला उभ्या राहिल्या, सहावीतल्या मुलीला कीबोर्ड घ्यायला. बैठकीत हशा झाला. कोणी म्हणालं, शिक्षणाला कर्ज देतो, खेळण्याला नाही. मी फळ्यावर हिशोब मांडला. 10 हप्ते, दर महिना मुद्दल 900, व्याज उरलेल्या रकमेवर शेकडा 2. पहिल्या महिन्याचं व्याज 180, पुढे दर महिन्याला 18 नं कमी होत शेवटी 18. एकूण व्याज 990. म्हणजे वस्तू पडली 9990 ला. क्लासची फी महिना 600 धरली तर 10 महिन्यांचे 6000. दोन्ही मिळून 15,990, आणि जाण्यायेण्याचं जीपभाडं वेगळं. हा आकडा बघून ताई स्वतःच गप्प झाल्या.

तेव्हा कोपऱ्यातल्या आजी बोलल्या. "हिच्याच पोराच्या क्रिकेटच्या सामानाला आपण दिवाळीत कर्ज दिलं होतं. तेव्हा कोणी फळ्यावर काही लिहिलं नाही." खोली शांत. खरंच कोणी लिहिलं नव्हतं. मुलाला बॅट लागते हे सगळ्यांना कळलं, मुलीला वाद्य कशाला, हा प्रश्न मात्र सगळ्यांना पडला. मला विचाराल तर फळ्यावर दोघांचंही लिहावं.

मग मार्ग निघाला तो असा. गावच्या देवळात भजनी मंडळाची पेटी होती, एकादशी सोडली तर कापडाखाली झाकलेली. मंडळाच्या बुवांशी बोलून ठरलं, मुलीनं रोज हरिपाठाच्या आधी अर्धा तास तिथे बसायचं, बुवा आठवड्यातून दोन दिवस दाखवतील. चार महिने टिकली तर गट कर्ज देईल. टिकली. मधे पंधरा दिवस तापानं गेले तेवढेच. मग गटानं 5000 दिले आणि जुनी चांगली पेटी घेतली, बुवा स्वतः बघायला सोबत गेले. कीबोर्डचं नाव मुलीनं परत काढलं नाही. आता गंमत अशी की त्या गावचं महिला भजनी मंडळ पेटीला कायम पुरुषावर अवलंबून होतं. काकांना सवड नसली की भजन रद्द. आमच्याकडच्या बऱ्याच महिला मंडळांत हेच आहे, टाळ-मृदंग बायकांचा आणि पेटीवर कोणीतरी काका. या मुलीला सध्या चार-पाच अभंग बसतात. तेवढ्याला ती बसते, बाकीचं काका सांभाळतात.

म्हणून माझं सांगणं, आधी वाद्य विकत घेऊ नका. देवळात, शाळेत, मंडळात, नातेवाइकांच्या माळ्यावर कुठेतरी पेटी पडलेली असते. तीन-चार महिने तिच्यावर काढा. नवी साधी पेटी आणि 61 पट्ट्यांचा साधा कीबोर्ड, दोन्हींना आज दहा हजारांच्या आसपास किंवा वर मोजावे लागतात. भाव कंपनीप्रमाणे खूप बदलतो, दोन-तीन दुकानं फिरा.

जुनी पेटी घेताना जाणकार सोबत न्याच, पण थोडं तुम्हालाही बघता येतं. पुढच्या सगळ्या खुंट्या आत ढकलून भाता हवेनं भरा आणि सोडा. भसकन बसला तर कुठेतरी गळती आहे. खुंट्या ओढून, एकही पट्टी न दाबता भाता हलवा. आपोआप कुठला सूर वाजत राहिला तर दुरुस्ती आली. मग डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी, काळी पांढरी सगळी, दाबत जा. प्रत्येक पट्टी लगेच वर यायला हवी, कुठे घरघर नको. शेवटी खालचा सा आणि वरचा सा एकदम दाबून ठेवा. आवाज एकसंध आला तर ठीक. लाटा आल्यासारखा थरथरला तर सूर जुळवून घ्यायचा खर्च किमतीतून कमी करायला सांगा.

आता शिकवणारे. पहिल्या दिवशी सगळी फी देऊ नका, महिन्याची द्या. वर्षाची एकदम भरली तर सूट मिळते म्हणतील, पण मूल दुसऱ्या महिन्यात सोडेल का ते कोणालाच ठाऊक नसतं. एका वेळी किती मुलं बसतात आणि वाद्यं किती आहेत ते मोजा. बारा मुलं आणि तीन कीबोर्ड असतील तर तासातली पंधरा मिनिटंच तुमच्या मुलीची. एक-दोन तास मागे बसून बघू द्याल का, असं विचारा. जो नाही म्हणेल त्याच्याकडे मुलीला पाठवू नका, मुलालाही नको. बंद दाराआड एकट्या मुलाला शिकवणं मला मान्य नाही, मग गुरुजी कितीही नावाजलेले असोत. चूक झाली की हातावर पट्टी मारणारेही अजून आहेत. हात भेदरला की बोटं मोकळी चालत नाहीत.

परीक्षांबद्दल खूप गोंधळ असतो. आपल्या संगीताची जुनी आणि मोठी परीक्षा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि 1931 साली हे मंडळ उभं राहिलं. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद, असं वर चढत जायचं. वर्षातून दोन सत्रं असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. क्लासमध्ये विचारायचं ते इतकंच, की कोणत्या केंद्रातून बसवता आणि आजवर किती मुलं बसवलीत. पाश्चात्त्य पद्धतीच्या क्लासमध्ये लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा असतात, ग्रेड 1 ते 8. तिथे पियानोची परीक्षा वेगळी आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची वेगळी. घरी कीबोर्ड आणि फॉर्म पियानोचा असं झालं तर मुलाची पंचाईत होते, कारण पियानोची पट्टी जड असते. या परीक्षांची फी आपल्या परीक्षांपेक्षा पुष्कळ जास्त, ती आधी विचारा.

दहावीला शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षांचे सवलतीचे गुण मिळतात हे खरं आहे. पण क्लासनं स्वतः छापलेल्या रंगीत सर्टिफिकेटला ते मिळत नाहीत, शासनानं मान्य केलेल्या संस्थेच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण असाव्या लागतात आणि प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. मुलगी आठवीत असतानाच मुख्याध्यापकांना चालू नियम विचारून घ्या. नववीच्या शेवटी विचारलं तर परीक्षांना वर्षं उरत नाहीत. आणि गुणांसाठीच म्हणून वाद्य लावू नका. दहावीनंतर ती पेटी पलंगाखाली जाते, मी बघितलंय.

सगळ्यांत जास्त काम घरी आहे. क्लास आठवड्यातून दोन तास. बोटं तयार होतात ती उरलेल्या पाच दिवसांत. लहान मुलाला रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण रोज. आपण गटात पंचसूत्री म्हणतो ना, नियमित बैठक, नियमित बचत, तसाच हा प्रकार. रविवारी दोन तास बसवून आठवडा भरून निघत नाही. वेळ ठरलेली असावी. दिवेलागणीला बसवलं तर बरं, तेव्हा तुम्ही चुलीजवळ असता आणि कान मोकळे असतात.

"मला संगीतातलं काय कळतंय" असं म्हणू नका. सा रे ग, रे ग म, ग म प असं मूल पलटे वाजवत असतं. ते सुरुवातीला ज्या चालीनं वाजवतंय त्याच चालीनं शेवटपर्यंत गेलं का, हे भाकरी थापणाऱ्या बाईला नेमकं कळतं. कळल्यावर रागवायचं नाही, "हळू वाजव" एवढंच म्हणायचं. दर वेळी एकाच जागी अडतंय हेही ऐकू येतं. ती तेवढीच जागा पाच वेळा वाजवायला सांगा, पहिल्यापासून सगळं नको. आणि बघा, एकाच बोटानं टोचत टोचत वाजवतंय का. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत कोणतं बोट कुठे ठेवायचं हे सरांनी शिकवलेलं असतं, तसं ठेवलं नाही तर पुढे वेग येत नाही. बाकी सूर, ताल, राग हे सरांचं काम.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूल म्हणतं, मला नाही जायचं. जवळजवळ प्रत्येक घरात म्हणतं. नवलाई संपलेली असते, गाणं अजून हाती आलेलं नसतं, पलटे तेच तेच. या महिन्यात बंद करू नका. सरांना सांगा, एखादी सोपी प्रार्थना किंवा आरती बसवून द्या. आपण वाजवलेलं घरच्यांना ओळखू आलं की मूल पुढचे चार महिने ओढतं. पण वर्ष झालं तरी क्लासच्या दिवशी पोटात दुखायला लागत असेल, रडू येत असेल, तर थांबवा आणि आधी क्लासमध्ये काय चाललंय ते शोधा. सणावाराला खंड पडतो त्याचं मनावर घेऊ नका. नवरात्रात टेंभी नाक्याला देवी बसते तेव्हा आमच्या घरात शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही, पेटी कुठली ऐकू येणार! दसऱ्यानंतर पहिले दोन दिवस जुनंच वाजवायचं आणि मग पुढे जायचं.

आता पाऊस तोंडावर आहे म्हणून शेवटचं. पेटी जमिनीवर ठेवू नका, पाटावर किंवा स्टुलावर ठेवा, भिंतीला चिकटवू नका. भात्याचं कापड आणि कातडं उंदरांना आवडतं, झुरळंही आत शिरतात, म्हणून झाकण लावून वर जाड कापड घालावं. रोज वाजवली तर हवा खेळती राहते, हे एक बरं. पट्टी दमट हवेनं अडकली तर तेल सोडू नका, पाणी लावून पुसू नका, कडक उन्हातही ठेवू नका. दोन-चार दिवस कोरड्या खोलीत ठेवून बघा आणि तरी सुटली नाही तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. देताना समोर एकेक पट्टी वाजवून दाखवा आणि काय बिघडलंय ते पावतीवर लिहून घ्या.